बोरघाट, पाऊस आणि रविवार

पावसाळा लागला की शुक्रवारपासूनच आमच्या सोसायटीतल्या पोरांच्या डोळ्यांत मोहिमेची झाक दिसू लागते. शनिवारी पहाटे खाली मोटारसायकली घुरघुरायला लागतात. गुडघ्यांना कवच, कोपरांना कवच, पाठीवर कासवासारखी ढाल, डोक्यावर कॅमेरा बसवलेलं शिरस्त्राण. पानिपतावर निघालेल्या भाऊसाहेबांच्या अंगावर देखील एवढा सरंजाम नसावा. आणि ही मंडळी जाणार कुठे? तर लोणावळ्याला. पुण्यापासून पासष्ट किलोमीटर. तिथे भिजायचं, कणीस खायचं, भजी खायची, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर अनोळखी माणसांच्या पाठीवरून आलेलं पाणी आपल्या पाठीवर घ्यायचं आणि रविवारी रात्री ओल्या घोंगडीच्या वासासकट परत यायचं. काय पाहिलंत असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : "काका, काय वेदर होतं!" वेदर बघायला पासष्ट किलोमीटर जावं लागतं हे मला या वयात कळलं. आमच्या घरात ते छतातून येतं.

त्यातल्या एकाने परवा मला विचारलं, "काका, तुमच्या काळी हे असं होतं का हो?"

'तुमच्या काळी' हे शब्द हल्लीची मुलं अशा सुरात उच्चारतात की आपण मोहेंजोदडोच्या गटाराची पाहणी करून नुकतेच घरी आलो आहोत असं वाटावं. मी म्हटलं, "पावसात बोरघाट चढायची हौस १८२५ सालापासूनची आहे." त्याने माझ्या केसांकडे पाहिलं. त्याने मनातल्या मनात केलेली वजाबाकी मला स्पष्ट ऐकू आली.

पण मी थट्टा करत नव्हतो. त्याआधी शहाणी माणसं पावसाळ्यात घाटाच्या वाटेला जातच नसत. लोणावळ्याच्या अलीकडे कार्ले आणि भाजे ही लेणी आहेत. हल्ली तिथे पावसात सेल्फी काढायला जातात, पण मुळात ती पावसात कुठेही न जाण्यासाठी होती. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एका जागी राहावं, भटकू नये, असा बौद्ध संघाचा नियमच होता. त्याला वर्षावास म्हणत. त्या भिक्षूंना दानं दिली ती याच वाटेने कोकणातून देशावर मालाची ने-आण करणाऱ्या व्यापाऱ्यांनी. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने तर कार्ल्याचं लेणं साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे असं दगडातच कोरून ठेवलं. शेठजी म्हटल्यावर जाहिरात आलीच.

पुढे मराठ्यांच्या फौजाही पावसाळ्यात छावणीला किंवा घरी असत. सीमोल्लंघन करायचं ते दसऱ्याला. वंजाऱ्यांचे तांडे मीठ घेऊन वर आणि धान्य घेऊन खाली करायचे, तेही वाटा वाळल्या म्हणजे. दोन हजार वर्षं भिक्षू, व्यापारी, शिपाई आणि बैल या चौघांचं ज्या एका गोष्टीवर एकमत होतं ती गोष्ट म्हणजे पावसात सह्याद्रीशी खेळू नये.

हा नियम मोडून घाट चढणाऱ्यांत ज्यांनी प्रवासवर्णन मागे ठेवलं ते एक बिशप. रेजिनाल्ड हेबर त्यांचं नाव. कलकत्त्याचे बिशप. १८२५ साली मुंबईला आले आणि ऐन पावसात पुण्याला निघाले. आता पावसातच का, असं तुम्ही विचाराल. पण इंग्रज माणसाला पावसात बाहेर पडायला वेगळं कारण लागत नाही. पनवेलपर्यंत पाण्याने, पुढे खोपोली, आणि मग घाट. हेबरसाहेबांनी लिहून ठेवलं आहे की रस्ता रुंद आहे, बरा आहे, पण चढ असा की भरलेली गाडीच काय, पालखीसुद्धा मुष्किलीने वर जाते. माणसं चालतात नाहीतर घोड्यावर बसतात, माल सगळा बैलांच्या पाठीवर. इथपर्यंत ठीक आहे. पण पुढे त्यांनी असा अभिप्राय दिला आहे की कोकण आणि देश यांच्यात आज जी ये-जा आहे आणि पुढे जी होण्याचा संभव आहे, तिला एवढा रस्ता पुरेसा व्हावा!

रविवारी संध्याकाळी खंडाळ्याला वाहनांच्या रांगेत दोन तास उभं राहून बघा. बिशपसाहेबांची फार आठवण येते.

साहेबांचा अंदाज पाच वर्षांतच खोटा ठरला. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटात चाकाची गाडी चढेल असा रस्ता करून खुला केला. खोपोली ते खंडाळा म्हणजे उंचीत जवळजवळ अठराशे फुटांचा फरक. सरळ रेघ मारली तर बैल पहिल्या फर्लांगात खाली बसणार. म्हणून मग डोंगराच्या अंगाला धरून जायचं, वळायचं, पुन्हा उलट यायचं. अंतर वाढवायचं आणि चढ कमी करायचा. घाटाची वळणं म्हणजे काही निसर्गाची नक्षी नव्हे. बैलाच्या छातीचा भाता आणि गाडीवानाची हिंमत यांचा मेळ घालून केलेलं ते गणित आहे. हल्लीची पोरं ज्या वळणावर मोटारसायकल कुशीवर निजवून धन्य होतात, ते वळण कुठल्यातरी कापसाच्या गाडीच्या बैलाला दम खाता यावा म्हणून काढलेलं आहे. खरं तर त्या जागी त्यांनी उतरून बैलाला नमस्कारच केला पाहिजे.

रस्त्यापाठोपाठ आगगाडी आली. तिची कथा मात्र हसत सांगण्यासारखी नाही. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६३ मध्ये संपलं. पंचवीस बोगदे आणि सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर असा चढ. खंडाळ्याजवळ तर डोंगराने अशी अडवणूक केली की गाडी एका दिशेने वर नेऊन थांबवायची आणि तिथून उलट्या तोंडाने पुढे काढायची अशी युक्ती करावी लागली. ती पुढे १९२९ पर्यंत चालू होती. एके काळी इथे चाळीस हजारांवर मजूर होते. पटकीने, सुरुंगांनी, दरडींनी त्यातले किती गेले याची मोजदाद कोण ठेवणार? मजुरांची नावं दगडात कोरायला भूतपाल शेठजींसारखं कोणी नव्हतं. ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल नावाचा साहेब १८५९ मध्ये इथे पोचला आणि थोड्याच दिवसांत आजाराने गेला. तेव्हा त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसबाईंनी, ठेका आपल्याकडे घेऊन काम तडीस नेलं. आमच्या हिला ही हकिकत मी एकदा सांगितली. ती म्हणाली, "त्यात काय विशेष? तुम्ही अर्धवट टाकलेली कामं कोण पुरी करतं?"

घाटातल्या लोकांना मात्र माल्कम माहीत नाही आणि अ‍ॅलिसबाई पण माहीत नाहीत. त्यांना माहीत आहे शिंग्रोबा. जुन्या रस्त्याला शिंग्रोबाचं देऊळ आहे. गोष्ट अशी सांगतात की साहेबांच्या इंजिनेरांना डोंगरातून वाट सापडेना. तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या जनावरांची वाट त्यांना दाखवली. साहेब खूश झाला. म्हणाला, माग काय हवं ते. शिंग्रोबा म्हणाला, आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या. साहेबाने बंदूक काढली. ही वाट रस्त्याची की रेल्वेची, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. पण ट्रकवाले आजही तिथे वेग कमी करतात आणि नाणं टाकतात. इतिहासाचे प्राध्यापक पुरावा मागतील. ट्रकवाल्याला पुढे उतार दिसत असतो, त्याला पुरावा मागायला सवड नसते.

तर अशा घाटातून १९८२ च्या जुलैत आम्ही दोघं मोटारसायकलवरून सहलीला गेलो. सहल हा शब्द मी जरा दबकतच वापरतोय, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी मोटारसायकलबद्दल. त्या काळात स्कूटरसाठी नंबर लावावा लागे आणि तो येईपर्यंत पोरं मॅट्रिक होत. म्हणून मी १९७९ मध्ये फंडातून कर्ज काढून येझ्दी घेतली. मूळ घराणं जावाचं. चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाचा हत्यारांचा कारखानदार होता. त्याने १९२९ मध्ये वाँडरर कंपनीच्या मोटारसायकलचं काम घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून जावा केलं. १९६० च्या सुमाराला म्हैसूरला तिचा कारखाना निघाला आणि १९७३ पासून तीच गाडी येझ्दी झाली. दुसरं मोठं घराणं बुलेटचं. १९५५ पासून मद्रासला जम बसलेलं, लष्कराच्या आणि पोलिसांच्या सेवेतलं. मूळच्या विलायती एनफिल्डचं तर ब्रीदच आपली गाडी बंदुकीसारखी घडवलेली आहे असं होतं. थोडक्यात, दोन्हीकडे सोयरीक बंदुकीशी. आमच्या येझ्दीचा आवाज ऐकून शेजारच्या आजोबांना याविषयी कधीच शंका आली नाही.

येझ्दीला गियरचा आणि किकचा दांडा एकच. तोच दांडा वर उचलला की किक, खाली पाडला की गियर. काटकसरी ब्राह्मणाच्या घरात एकच पंचा अंग पुसायला आणि सोवळं म्हणून असतो, तसं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागे. इंजिनाला वंगण मिळे ते त्या मिश्रणातूनच. त्यामुळे लांब उतारावर हात सोडून गाडी नुसती घरंगळू द्यायची नाही, मधून मधून थोडी मूठ पिळायची, नाहीतर इंजिनाचा घसा कोरडा पडतो. शिवाय पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक सुट्टीवर. मग ब्रेकवर जरासा पाय ठेवून गाडी चालवत तो वाळवायचा. वरच्या खिशात एक जादा प्लग, कारण ओला प्लग म्हणजे रुसलेला जावई, समजूत घालण्यात वेळ जातो, बदललेला बरा. मागे आमची ही. एका बाजूला पाय सोडून, नऊवारी घातली असती तर बरं झालं असतं असं दर दोन मैलांना म्हणत. माझ्या अंगात डकबॅकचा रेनकोट, तिच्या अंगावर प्लॅस्टिकचं इरलं, आणि दोघांच्या मधे एक पिशवी. सहलीचं सामान.

त्या पिशवीत पाच किलो तूरडाळ, साखर, चहापत्ती, दोन साबण आणि एका पाकिटात पाचशे रुपये होते.

हिचे मामा मुंबईला गिरणीत होते. साळखात्यात, दोन सांचे त्यांच्याकडे, तीस वर्षं. ही लहानपणी दोन वर्षं लालबागला त्यांच्या खोलीत राहून शिकलेली. दहा बाय बाराच्या त्या खोलीत नऊ माणसं होती, आणि दहावी मी, पण मला कधी जागा कमी पडली नाही, असं ती सांगते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. एप्रिल गेला, मे गेला. पाऊस तोंडावर आल्यावर पुष्कळांनी बायकामुलं घेऊन गावची वाट धरली, निदान लावणी तरी होईल म्हणून. मामांचं गाव खोपोलीहून कर्जतच्या रस्त्याला, चार-पाच मैल आत. हिला कोणाकडून तरी कळलं की तिकडे एक वेळच चूल पेटते. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हुकूम दिला, "शनिवारी तुमचं ऑफिस दीडला सुटतं. आपण सहलीला जायचं."

"एवढ्या पावसात?"

"पावसातच. मामांना मदत म्हणून काही नेलं तर दारातून परत पाठवतील. सहल म्हणून गेलो, वाटेत घर होतं म्हणून डोकावलो, असं सांगायचं. आणि तुम्ही तोंड बंद ठेवायचं."

कामशेतपर्यंत पाऊस नुसता पडत होता. त्यापुढे तो चारी बाजूंनी येऊ लागला, आणि एक बाजू खालची होती. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो असं भूगोलात वाचलं होतं. त्यातला निदान हजार त्या दुपारी माझ्या कॉलरमधून आत गेला असेल. खंडाळ्याला धुकं असं की समोरचा ट्रक आधी वासाने कळायचा, मग आवाजाने आणि शेवटी दिसायचा. ट्रक पहिल्या गियरमध्ये कण्हत वर येत होते, आम्ही वळणावळणाला मूठ पिळत खाली. अमृतांजनच्या जाहिरातीमुळे ज्याला अमृतांजन पूल म्हणत तो इंग्रजी आमदानीतला पूल धुक्यातून एकदम डोक्यावर आला. (२०२० च्या एप्रिलमध्ये तो सुरुंग लावून पाडला. डोकेदुखीच्या औषधाचं नाव मिळालेला दुसरा पूल माझ्या माहितीत नाही.) शिंग्रोबापाशी हिने गाडी थांबवायला लावली, पदराची गाठ सोडून चार आणे टाकले आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली. काय मागितलं ते मी विचारलं नाही. मागणाऱ्याचं त्या जागी काय झालं ते मला आठवत होतं.

मामा पडवीत सुंभ वळत बसले होते. आम्हाला पाहून उठले. आमच्या अंगातून पाणी गळत होतं, पडवीत ओहोळ तयार झाला.

"या जावईबापू. इकडे कुठे?"

मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, "सहलीला निघालो होतो. जरा हवा खायला."

मामांनी बाहेरच्या पावसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "हवा?" ते म्हणाले. "बरीच पातळ मिळालेली दिसते."

रात्री जेवण झालं. तूरडाळीला मामींनी बोलणं न काढता फोडणी दिली. कौलांतून तीन ठिकाणी गळत होतं, त्याखाली तीन भांडी. मामा बोलायला लागले. गिरणीबद्दल आम्ही विचारणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं, म्हणून तेच विचारल्यासारखं करून सांगू लागले. लोणावळ्याच्या तळ्यांचं पाणी नळांतून खोपोलीला खाली सोडतात आणि त्यावर टाटांचं वीजघर चालतं ते मला माहीत होतं. १९१५ पासून आहे ते. पण ती वीज मुळात मुंबईच्या गिरण्यांसाठीच काढली होती हे मामांनी सांगितलं. "तुम्ही आज ज्या पावसात भिजलात ना, तोच पाऊस नळातून खाली यायचा आणि आमच्या सांच्याला फिरवायचा. लालबागला बसून मला कळायचं, वर पाऊस बरा झालाय. आता पाणी खाली येतंच आहे. सांचा तेवढा उभा आहे."

मग मी नको ते बोललो असं हिच्या चेहऱ्यावरून वाटलं, पण मामांना ते आवडलं. मी म्हटलं, "मामा, निदान उद्या रविवार आहे. विश्रांती घ्या."

"रविवार कोणाचा, माहीत आहे का?"

मी म्हटलं, खंडोबाचा.

"तो तर आहेच. पण गिरणीवाल्यांचा रविवार लोखंड्यांचा." आणि मामांनी अर्ध्या तासात मला जे सांगितलं ते मी पुढे पुस्तकांतून ताडून पाहिलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक अनुयायी, 'दीनबंधू'चे संपादक. त्या वेळी गिरणीत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. लोखंड्यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. मागण्या काय, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आज वाचलं तर वाटतं, एवढंच? एवढ्यासाठी सहा वर्षं गेली. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. मी नंतर जुनं पंचांग काढून पाहिलं, तो मंगळवार होता. आणि १० जून ही मुंबईत पाऊस येण्याची वेधशाळेची जुनी ठरलेली तारीख. पाऊस आणि रविवार दोघेही एकाच तारखेला मुंबईत दाखल झाले असं म्हणायला हरकत नाही.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता काय," मामा म्हणाले, "लोखंड्यांनी एक रविवार मिळवून दिला. जानेवारीपासून आमचे साती वार रविवार आहेत. एवढी सुट्टी कुठल्याच कमिशनपुढे कोणी मागितली नव्हती."

ते हसले. मामी उठून भांड्यातलं पाणी बाहेर टाकायला गेल्या. एक भांडं भरलं नव्हतं, तेही घेऊन गेल्या.

गाडीच्या इतिहासात शनिवार-रविवारची सहल ही श्रीमंतांची गोष्ट. पुण्याला जाणारी डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा आधी आठवड्याच्या शेवटीच धावायची. साहेब लोकांना घाटावरच्या हवेत आणि रेसकोर्सवर पोचवायला. म्हणजे सुट्टी मिळवली लालबागने आणि सहलीला पाठवली मलबार हिलला. पण हे सगळं मला परतताना सुचलं. त्या रात्री मला नुसती झोप आली नाही.

रविवारी सकाळी मामा लावणीला उतरले. हीसुद्धा पदर खोचून त्यांच्यामागे गेली. तीस वर्षं तुटलेला धागा चिमटीत धरून सांधणाऱ्या त्या हातांनी मामा रोपं लावत होते. ओळ इतकी सरळ, जणू उभार लावून ठेवलाय. मी बांधावर छत्री धरून उभा होतो. कोणाच्या डोक्यावर धरायची ते ठरलं नव्हतं, कारण खाली असलेली सगळीच माणसं आधीच भिजली होती.

निघताना हिने पाकीट मामींच्या हातात दिलं. मामींनी ते मामांकडे दिलं. मी श्वास रोखला. मामांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आत गेले आणि पाच मिनिटांनी एक कागद घेऊन आले. मुलाच्या वहीतला फाडलेला. त्यावर लिहिलं होतं : मिळाले रुपये पाचशे फक्त, उसनवार. तारीख १८ जुलै १९८२. संपाला त्या दिवशी बरोबर सहा महिने झाले होते. खाली सही, आणि सहीखाली सवयीने बिल्ला नंबर.

"मामा, हे काय?" ही जवळजवळ रडायला आली होती.

"पावती," मामा म्हणाले. "वर्गणीची पावती दिल्याशिवाय मी कधी कोणाकडून पैसे घेतले नाहीत, पोरी. तू तर घरची आहेस." आणि त्यांनी गाडीच्या हँडलला कंटोळ्यांची पिशवी बांधून दिली. बिलकूल न तोलता.

घाट चढताना पावसाचा जोर कमी होता. ही मागे बसून एक शब्द बोलली नाही. कुठल्याशा वळणावर ट्रकच्या मागे अडकलो तेव्हा एवढंच म्हणाली, "सहल झाली हो तुमची."

संप मिटला असं कोणी कधी जाहीर केलंच नाही. तो नुसता विरला. मामा परत गिरणीत गेले नाहीत. पुढे खोपोलीला एका कारखान्यात रखवालदार म्हणून लागले. १९८४ च्या जूनमध्ये आमच्याकडे पहिली मनीऑर्डर आली. पंचवीस रुपये. खालच्या कुपनावर तीन शब्द : हप्ता पहिला. पोचावे. ही परत पाठवायला निघाली होती, मी तिला थांबवलं. कधी दर महिन्याला, कधी चार-चार महिन्यांनी हप्ते येत राहिले. कुपनावर कधी 'हप्ता ७ वा, पाऊस बरा' असं असे, कधी 'हप्ता १२ वा, धाकटीचे ठरले' असं. पोस्टमनला वाटे आम्ही सावकारी करतो.

विसावा हप्ता १९८८ च्या पावसाळ्यात आला. कुपनावर जागा पुरली नव्हती म्हणून अक्षर बारीक केलं होतं. 'कर्ज फिटले. पावती फाडावी. तुम्ही दोघे गाडी घेऊन पुन्हा सहलीला या. मंगळवारी या. माझी सुट्टी मंगळवारी असते, रविवारी ड्युटी.'